उजव्या इंडिकेटरची वायर

दादा,

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळे बोलले. कारखान्यातले तुझे सोबती बोलले, समोरच्या चाळीतले मास्तर बोलले. ज्याच्याशी तुझं पंधरा वर्षं पटत नव्हतं, तोसुद्धा माइक हातात घेऊन ‘आमचा मोठा भाऊ गेला’ म्हणाला. तू असतास तर माझ्या कानाशी लागून म्हणाला असतास, “बघ, कशा थापा मारतोय.” मग कोणीतरी म्हणालं, आता बहिणीने दोन शब्द बोलावेत. मी उठले, माइकपर्यंत गेले, माइकची पिन ढिली होती ती नीट दाबून बसवली आणि परत येऊन जागेवर बसले. बायका म्हणाल्या, बिचारीला बोलवेना. तसं नव्हतं रे. मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत माइकवर बोलण्यासारखं नव्हतं.

म्हणून लिहिते. तुझ्या मोटरसायकलचा उजवा इंडिकेटर सात-आठ महिने बंद होता ना, तो मी बंद केलेला.

आता क्रमाने सांगते. क्रमाने सांगायला तूच शिकवलंस. सप्लाय कुठून निघाला, कुठे गेला, कुठे थांबला. मध्येच उडी मारायची नाही.

तुझी गाडी म्हणजे एक प्रकरणच होतं. बाबांच्या वेळची टू-स्ट्रोक, सहा व्होल्टची, जिचे पार्ट आता कोणी ठेवत नाही. कारखाना बंद पडला त्या वर्षी तू घरी बसून तिची सगळी वायरिंग उपटलीस आणि नवी टाकलीस. नवी कसली, जयंतीच्या लायटिंगमधून उरलेली. आपल्या मोहने गावातली लायटिंग इतकी वर्षं तूच करायचास आणि दर वर्षी कपाटावर निळ्या वायरचं एक वेटोळं उरायचंच. तेच तू गाडीला घातलंस. हॉर्न निळा, ब्रेक लाइट निळा, बॅटरीची निळी, अर्थिंगची निळी. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली. हेडलाइटच्या डोममध्ये डोकावले तर अकरा वायरी आणि अकराच्या अकरा निळ्या. मी म्हटलं, “दादा, कलर कोड नावाची एक गोष्ट असते.” तू म्हणालास, “कलर कोड परक्या माणसासाठी असतो. माझ्या गाडीला परका माणूस हात लावणार नाही.” आणि प्रत्येक वायरीला आईच्या गोधडीच्या पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारलीस. डाव्या इंडिकेटरला एक गाठ, उजव्याला दोन, हॉर्नला तीन. ह्यावरून आपण वीस वर्षं भांडलो. घरी कोणी पाहुणा आला की तू त्याला डोम उघडून दाखवायचास आणि मी त्याला सांगायचे, असं कधी करू नका.

पण ती वायरिंग वीस वर्षांत एकदाही बिघडली नाही, हे खरं. तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. आता करते.

मी वायरमन झाले ती तुझ्यामुळे. बाबा म्हणालेले, आयटीआयला जायचं तर शिवणकामाला जा. तू फॉर्म भरून आणलास आणि ट्रेडच्या रकान्यात आधीच ‘वायरमन’ लिहून ठेवलेलंस, म्हणजे खोडाखोड केली तर फॉर्म बाद. बाबा दोन दिवस जेवले नाहीत तुझ्याबरोबर. वर्गात एकवीस पोरं आणि मी. आज घोडबंदर रोडला बत्तीस मजल्यांच्या चार टॉवरची वीज माझ्या हाताखाली आहे. जनरेटर, पंप, लिफ्टचे पॅनल, सगळं. तिथली माणसं मला मॅडम म्हणतात. तू मात्र सुनीताची सुनी करून फोनवर विचारायचास, “काय सुने, आज किती फ्यूज उडवलेस?”

मग तुला झटका आला. हलकाच, डॉक्टर म्हणाले. डावा हात अधू झाला आणि बाकी सगळं ठीक. ठीक म्हणजे काय, भाकरी मोडताना वहिनी समोरच्या बाजूने भाकरी धरायची आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दुचाकी बंद. तू दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच म्हणालास, “क्लच काय, दोन बोटांनीही दाबता येतो.”

दादा, मी तुझ्याशी किती भांडले ते आठव. पहिल्यांदा गोडीत सांगितलं. मग आवाज चढवला. मग रडले. तू आपला एकेका मुद्द्याला उत्तर देत होतास, युनियनच्या मीटिंगला द्यायचास तसं. वहिनीला म्हणालास, “हिला वाटतं मी मेलोय.” आणि दुसऱ्या दिवशी शहाडच्या पुलावरून कल्याणला जाऊन भाजी घेऊन आलास. एका हाताने. वहिनीने मला फोन केला तेव्हा मी बेसमेंटमध्ये पॅनलसमोर उभी होते. मी टेस्टर खिशात टाकला आणि पॅनलचं दार लावून घेतलं.

तुझ्याशी बोलून काही होणार नाही हे मला कळलेलं. पण तुझी एक गोष्ट मला माहीत होती, जी जगात दुसऱ्या कोणाला माहीत नसेल. निघण्याआधी उजवा इंडिकेटर लावून बघायचा, डावा लावून बघायचा, मग किक. दोन्ही चालले नाहीत तर गाडी गेटच्या बाहेर नाही. तरुणपणीसुद्धा. लोक हात दाखवून वळायचे तेव्हा तू म्हणायचास, हात हँडलसाठी असतात. आणि आता तर एक हात असा. इंडिकेटर नसेल तर तू निघणारच नाहीस. तुझा नियम तू डॉक्टरपुढे मोडला नसतास, माझ्यापुढे मोडला नसतास आणि स्वतःपुढेही मोडला नसतास.

म्हणून पुढच्या रविवारी मी जरा लवकर आले. तू आंघोळीला गेलेलास. मी डोमचा स्क्रू काढला, दोन गाठींची वायर शोधली, तिचं टोक जोडातून उपसलं आणि प्लास्टिकच्या स्लीव्हच्या आत तसंच सरकवून ठेवलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, वायर जागेवर आहे. एवढ्यावर थांबले असते तर आज एवढं लिहावं लागलं नसतं. पण मला भीती वाटली की तू पाच मिनिटांत शोधशील. म्हणून मी तुझ्या गाठी बदलल्या. दोन गाठींचा दोरा सरकवून काढला आणि ब्रेक लाइटच्या वायरीला घातला. ब्रेक लाइटचा इकडे. चार मिनिटांचं काम. तू टॉवेलने डोकं पुसत बाहेर आलास तेव्हा मी कांदा चिरत बसलेले.

त्यानंतरचे रविवार. पहिल्या रविवारी तू नवा बल्ब लावून बघितलास. दुसऱ्या रविवारी मी आले नाही, तर फोनवर विचारलंस, फ्लॅशर गेला असेल का ग? खरं तर फ्लॅशर दोन्ही बाजूंना एकच, डावा चालतोय आणि उजवा नाही, म्हटल्यावर फ्लॅशरचा प्रश्नच येत नाही. शिकाऊ पोरालाही कळेल. आणि मी, तुझी बहीण, चार टॉवरची मॅडम, तुला म्हणाले, “असू शकेल हं. बदलून बघ.” तू बदलून बघितलास. मग मी म्हटलं, मागच्या मडगार्डचं अर्थिंग बघ, गंज असेल. तू मडगार्ड काढून, पॉलिश पेपरने घासून, परत बसवलास. एका हाताने. वहिनीने दुसऱ्या बाजूने नट धरला.

तिसऱ्या रविवारी आपण जेवत होतो. वहिनीने सोड्याची खिचडी केलेली. तू घास घेता घेता थांबलास आणि म्हणालास, “सुने, माझं डोकं गेलं ग आता. स्वतः घातलेली वायर मला सापडत नाही.”

तेव्हा सांगायला हवं होतं. ताट बाजूला सारून म्हणायला हवं होतं, दादा, डोकं तुझं नाही गेलं, माझं गेलंय. मी काय म्हणाले ते तुला माहीत आहे. मी म्हणाले, “वय झालं, दादा.” आणि आणखी खिचडी वाढून घेतली.

हे शब्द मला चिकटले आहेत. तू गेलास त्या सकाळी वहिनीचा फोन आला, दुसरा झटका, झोपेतच. मी कसारवडवलीच्या सिग्नलला रिक्षात बसलेले, ट्रॅफिक हलत नव्हतं, आणि माझ्या डोक्यात तू नव्हतासच. डोक्यात एकच. हा माणूस आयुष्यभर फॉल्ट शोधत आला. अख्ख्या मोहन्यात कोणाची मोटर बंद पडली, कोणाच्या घरात शॉक लागला, की ‘भाऊंना बोलवा’. तो माणूस स्वतःला कुचकामी समजून गेला. आणि तसं त्याला मी समजू दिलं. गाडीवरून पडून गेला असता तर ते वाईट झालं असतं. पण हे काय कमी वाईट आहे? तू सांग. तुझ्याशिवाय हे विचारायला माझ्याकडे माणूस नाही.

महिनाभर मी त्या गाडीजवळ गेले नाही. काल रविवार होता. वहिनी म्हणाली, “गाडी तुझ्या नावाची आहे, असं ते म्हणायचे. ने तरी, नाहीतर चालू करून ठेव. अशी झाकून ठेवलेली मला बघवत नाही.” ती आत भाजी निवडायला बसली आणि मी ओट्याजवळ गाडीवरची चादर काढली. ठरवलेलं, वायर जोडायची, गाठी जागच्या जागी घालायच्या आणि हा विषय माझ्याबरोबर जाईल.

डोमचा स्क्रू काढला. काच पुढे घेतली. आतून एक लाल पुठ्ठा खाली लोंबला.

कारखान्यातला टॅग. तुझ्या पत्र्याच्या डब्यात त्यांची एक गड्डी होती, मी लहानपणापासून बघितलेली. लाइनवर काम करायचं असेल तर ज्याने फ्यूज काढला त्याने तिथे आपल्या नावाचा टॅग बांधायचा. ‘काम चालू आहे. सप्लाय देऊ नये.’ खाली नाव आणि तारीख. आणि ज्याने बांधला त्यानेच काढायचा. साहेब असो, मॅनेजर असो, दुसऱ्याने हात लावायचा नाही. का, ते तू मला आयटीआयच्या पहिल्या वर्षी सांगितलेलंस. दुसऱ्याला दिसतं की फ्यूज निघालेला आहे. पलीकडे लाइनवर कोणाचा हात आहे, ते ज्याने काढला त्यालाच माहीत असतं.

टॅगवर तुझ्या अक्षरात नाव होतं. सुनीता. माझं.

मी तिथेच फरशीवर बसले. मग चष्मा पुसून नीट बघितलं, क्रमाने. उजवी वायर स्लीव्हमधून बाहेर काढलेली. तिचं टोक काळ्या टेपने गुंडाळलेलं, उघडं राहून कुठे टेकू नये म्हणून. दोन गाठींचा दोरा परत तिच्यावर. ब्रेक लाइटचा त्याच्या जागी. अकराच्या अकरा वायरींच्या गाठी बरोबर. म्हणजे तू गाठींवर भरवसा ठेवायचा सोडलास आणि टेस्ट लॅम्प घेऊन एकेक वायर पहिल्यापासून तपासलीस. अकरा निळ्या वायरी, एका हाताने, कोणी दिवा धरायलाही नाही. मला नसतं जमलं, दादा. खोटं कशाला बोलू. मी चिडून सगळ्या उपटल्या असत्या.

तारीख बघितली. बोटांवर मोजलं. खिचडीच्या रविवारनंतरचा मंगळवार.

दोनच दिवस. डोकं गेलं म्हणालास रविवारी, आणि मंगळवारी तुला सापडलं. मी आठवून बघितलं, त्यानंतर ‘डोकं गेलं’ तू एकदाही म्हणाला नाहीस. मला वाटायचं तू हिंमत सोडलीस म्हणून बोलत नाहीस. तू हिंमत वगैरे काही सोडली नव्हतीस. तुला फॉल्ट सापडलेला होता, कोणी केला तेही सापडलेलं होतं, आणि तू पुढचे सगळे रविवार माझ्यासमोर मजेत बोंबील खात होतास. मी हसले, दादा. फरशीवर बसून एकटी हसले, इतकं की वहिनी आतून म्हणाली, “काय झालं ग?”

आणि मग हसणं गेलं. कारण त्यानंतरचे सगळे रविवार मला एकेक करून आठवायला लागले. तू दर वेळी विचारायचास. “काय सुने, तुला काय वाटतं, फॉल्ट कुठे असेल?” मी म्हणायचे, बघू पुढच्या वेळी. “हँडलच्या इथे तर नसेल?” नसेल. “डोम उघडून बघू या का दोघं मिळून?” एकदा तर असंही विचारलंस. मी म्हटलं, दादा, आज नको, मला उशीर होतोय. तू म्हणालास, बरं. मला वाटायचं बिचारा शोधतोय. तू शोधत नव्हतास. तू माझ्या पुढ्यात दार उघडून उभा राहायचास आणि मी दर रविवारी बाहेरूनच निघून जायचे.

तू वायर जोडून घेऊ शकला असतास. अर्ध्या मिनिटाचं काम. जोडून, किक मारून, माझ्या नाकासमोरून गेटच्या बाहेर गेला असतास, तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. ते तू केलं नाहीस. डॉक्टरने सांगून जे ऐकलं नाहीस, मी रडून जे ऐकलं नाहीस, ते माझ्या नावाच्या एका टॅगसाठी ऐकलंस. सात महिने गाडी गेटच्या बाहेर काढली नाहीस. लाइनवर कोणाचा हात आहे ते तुला कळलं असणार. तुझाच होता.

ह्याबद्दल थँक्यू म्हणू की तुझ्याशी भांडू, ते मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही करते. थँक्यू, दादा. आणि एवढा काय अबोला धरायचा? एक शब्द बोलला असतास, “सुने, गधडे, वायर जोड,” तर मी तिथल्या तिथे पाय धरले असते. तुला माहीत होतं मी भित्री आहे. चारशे चाळीस व्होल्टला भीत नाही, पण तुला भिते. हे माहीत असून माझ्यावर सोडलंस. हे काही बरोबर केलं नाहीस, आणि हे मी कायम म्हणणार.

टेप सोडवली. टोक साफ केलं, जोडात बसवलं, ओढून बघितलं. चावी फिरवली आणि उजवीकडे बटण सारलं.

लागला. टक, टक, टक. पिवळा, भरपूर उजेडाचा, पुढचाही आणि मागचाही.

मी बघत राहिले आणि मग माझ्या लक्षात आलं की हे असं व्हायला नको होतं. सहा व्होल्टची म्हातारी बॅटरी. महिनाभर नुसती उभी राहिली तर एक बल्बसुद्धा नीट पेटत नाही, दोन कुठले? आणि गाडी तर सात-आठ महिने उभी आहे. मी आत गेले. वहिनी मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, “वहिनी, उजव्या इंडिकेटरची वायर मी काढलेली. दादाने गाडी चालवू नये म्हणून. दादाला सांगितलं नाही.”

वहिनीने मान वर केली नाही. म्हणाली, “मला माहीत आहे. त्यांनी सांगितलेलं.”

“मग बॅटरी?”

“दर शनिवारी चार्जिंगला लावायचे,” वहिनी म्हणाली. “मी वैतागायचे. गाडी बंद, बाहेर न्यायची नाही, मग बॅटरीचे काय लाड? तर म्हणायचे, उद्या रविवार आहे. उद्या सुनी बोलली तर लगेच जोडायला बसेल. जोडल्यावर लागला नाही तर पोरीला वाटेल, आपल्या हातून कायमचं बिघडलं.”

तिने निवडलेली मेथी चाळणीत टाकली. “आता ते नाहीत, तरी शनिवार आला की माझा हात चार्जरकडे जातो. कालही लावलेली.”